अनवाणी पूजा

बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याच्या जागेवर वस्तीची शाळा व्हायची होती. माती तपासणाऱ्या शर्वरीला तिथली माती विषारी आढळली. भूमिपूजनाच्या मांडवातच बिल्डर कोठावळेसाहेबांनी ‘माती निर्धोक’ असा दाखला तिच्यापुढे धरला.

“सही कर पोरी, नाहीतर उद्यापासून घरी बस!”

तिने पेन उघडलं. तेवढ्यात पूजा सांगणाऱ्या गुरुजींनी हाक मारली, तसे साहेब बुटांसकट पूजेला निघाले.

शर्वरी कशीबशी म्हणाली, “साहेब, पूजा अनवाणी करतात. बूट काढून या मातीवर उभे राहा, मी लगेच सही करते.”

साहेबांचा हात बुटाच्या नाडीपर्यंत गेला आणि तिथेच थबकला. सगळी वस्ती बघत होती.

“मुलंही इथे खो-खो अनवाणीच खेळणार ना?” ती पुटपुटली.

गुरुजींनी नारळ परत पिशवीत ठेवला.