पानमळ्याच्या दारातल्या चपला

टक्. टक्. टक्.

असा आवाज, बरं का. येसबानं तो पहिल्यांदा ऐकला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. त्याची बायको हौसा अंगठ्याला लोखंडी नखी लावून पानमळ्यात विड्याची पानं खुडत होती. एक पान, एक टक्.

पानमळा पाहिलाय का? शेवरीच्या उंच झाडांवर नागवेली चढवलेल्या. आत भरदुपारीही संध्याकाळ. तिथं चपला घालून जायचं नाही, वेल रुसते. चपला दारात काढायच्या.

मग एकदा काय झालं, हौसाला मळ्यातच ताप भरला. उचलून घरी नेली, ती गेलीच. मागे राहिला येसबा आणि चिमुरडी लेक सगुणा. हौसाच्या चपला मळ्याच्या दारात तशाच. येसबानं त्या हलवल्या नाहीत.

तेरावा झाला. मग तो मळ्यात गेला, तर वरून आवाज. टक्. टक्. मान वर करून बघतो, तर वेलीच्या शेंड्यावर हौसा बसलेली!

"किती हाका मारायच्या, धनी? कानात पाला भरलाय का?"

येसबा हसला, मग रडला. मग रोजच जाऊन वेलीखाली बसू लागला.

आता वेलीचं असं असतं, तिला वर्षातून एकदा उतरवावं लागतं. झाडावरून सोडवायची, बुंध्याशी गोल गुंडाळायची, वर माती घालायची. मग नवी मुळं फुटतात, ती पुन्हा चढते. नाही उतरवली, तर उंच जाते आणि म्हातारी होते.

पण येसबाचा हात उचलेना. वेल खाली आली की हौसा जाणार, हे त्याला कळत होतं.

पहिल्या वर्षी पानं लहान झाली. दुसऱ्या वर्षी पिवळी. तिसऱ्या वर्षी नुसते देठ.

त्याच थंडीत सगुणाची छाती भरली. पानाला एरंडेल लावून, शेकून छातीवर ठेवायचं, हा हौसाचा उपाय. येसबा शेजारच्या मळ्यात पान मागायला गेला. "मळेवाल्यानं पान मागायचं?" शेजारी हसला, पण दिलं. ते काही लागू पडेना. पोर धापा टाकत म्हणाली, "बाबा, आईच्या वेलीचं लावा ना."

पान उरलं असलंच तर पार शेंड्यावर, आणि वेल उतरवल्याशिवाय शेंडा हाती येणार नव्हता. मग येसबानं शिडी लावली.

"हौसा, उतरवतो गं," तो म्हणाला.

त्यानं लव्हाळ्याचा एकेक बंध सोडला. वेल हात हात खाली आली, तिच्याबरोबर हौसाही. ती बसली होती तिथं एकच पान हिरवं उरलं होतं. तिनं ते खुडलं. टक्. येसबाच्या तळहातावर ठेवलं.

त्या पानानं सगुणा बरी झाली, बरं का. वेल पुन्हा चढली, बापलेक सुखानं नांदली. मिटा डोळे आता. मिटलेत? मग एवढंच राहिलं.

त्या दिवशी येसबानं वेल गुंडाळली, माती ओढली. हौसा मळ्याच्या दाराशी गेली. तीन वर्षांची धूळ झटकून तिनं चपला पायात घातल्या, आणि निघून गेली.