बेचाळीस बंद माईक

हे कुणाला सांगायचं नाही, असं सरांनी मला बजावलं होतं. म्हणून फक्त लिहिते आहे.

“...मग बाई, ऑनलाइन स्पोकन इंग्लिश शिकवता येतं, हे आता तरी पटेल ना?” पराग सर विचारत होते.

केळशीकरबाईंनी आमच्या गावच्या हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. सर त्यांचेच विद्यार्थी. दुसऱ्या दिवशी जिल्ह्यातले शिक्षक सरांचा तास बघणार होते. त्याआधी बाईंनी एकदा ‘छान’ म्हणावं, म्हणून सर लॅपटॉप घेऊन त्यांच्या ओटीवर आले होते. तिथे रेंज चांगली मिळते. मीही तिथूनच तासाला बसते, कोपऱ्यात.

“घे तास. बघते,” बाई म्हणाल्या. त्या पुढ्यात सूप घेऊन वालाच्या शेंगा सोलत होत्या.

बेचाळीस मुलं. बेचाळीस माईक बंद.

“रिपीट आफ्टर मी! आय ॲम नॉट अफ्रेड टू स्पीक.”

शांतता...

“व्हेरी गुड!” सर म्हणाले.

बाईंनी मान वर केली. “ऐकू आलं तुला?”

“शिस्त आहे, बाई. वर्षभरात एकही मूल मध्ये बोललेलं नाही.” सरांची मान ताठ होती.

“तुझं इंग्रजी फार सुधारलंय रे, पराग.”

सर खुलले. “आणि मुलांचं?”

बाईंनी टरफलं झटकली, हात पुढे केला आणि सरांचा माईक बंद केला.

एक मिनिट... दोन...

मग एक माईक उघडला. मागे कोंबडा आरवत होता. “सर, युवर व्हॉइस नॉट कमिंग.”

“सर गो फॉर टी?”

“नो, नो! सर इज देअर. फेस इज... अँग्री!”

हशा. भराभर माईक उघडू लागले.

सरांचा हात बटणाकडे गेला. बाईंनी तो धरून ठेवला.

“बाई, चुकतायत सगळी!”

“हो ना!” बाई म्हणाल्या. स्वतःची नात पहिली आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

“पण... उद्या सगळ्यांसमोर मी करू काय?”

बाईंनी शेंगांचं सूप त्यांच्यापुढे सरकवलं.

आज तो तास चालू आहे. जिल्ह्यातले शिक्षक बघतायत. सर बाईंच्या ओटीवर शेंगा सोलतायत, बाई माझ्या वहीकडे बघतायत. एक्केचाळीस माईक उघडलेत, फक्त माझा अजून

“वही मीट, शलाका. आता तू.”