बघू आणि करू

आमच्या कासार गल्लीचा नळ आठ महिने कोरडा होता. बायका पार बसस्टँडपासून घागरी आणत होत्या. नगरसेवक दिगंबरराव वाघचौरे यांच्याकडे मी स्वतःच्या हातानं लिहून सात अर्ज नेले. दर वेळी साहेबांचं एकच उत्तर, "बघू. करू."

त्याच सुमारास नातीनं मला लव्हबर्डची जोडी आणून दिली. नराचं नाव मी ठेवलं बघू, मादीचं करू. पाटीवर ठळक लिहून ती पिंजऱ्याला बांधली आणि पिंजरा ओट्यावर टांगला. येणारीजाणारी विचारायला लागली.

"आजी, बघू काय करतोय?"

"नुसती मान हलवतोय."

"आणि करू?"

"अजून अंड्याचा पत्ता नाही!"

हे साहेबांच्या कानावर गेलं. कार्यकर्ते घेऊन ते तरातरा गल्लीत आले.

"आजी, ही माझी बदनामी आहे. नावं बदला!"

"अहो, पाखरं माझी. तुमचं काय जातंय?"

"आत्ताच्या आत्ता बदलणार की नाही?"

मी पिंजऱ्याकडे वळले आणि लाडानं म्हणाले, "बघू! करू!"

पाखरं चिवचिवली. घागरी खाली ठेवून बायका हसल्या, साहेबांचा एक कार्यकर्ताही हसला.

"म्हणजे नक्की कधी?" साहेब ओरडले.

"हा तर आमचा प्रश्न, साहेब! तुमच्या तोंडी कसा आला?"

तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. मागोमाग साहेबांचा निरोप, "आता तरी नावं बदला."

मी उलट निरोप धाडला, "आधी गटार."