अकरा वेळा उठून केलेलं औषध

फार वर्षांपूर्वी, म्हणजे माझ्या आजेसासूबाईंनाही जुनी वाटायची इतकी जुनी ही गोष्ट, आमच्या बोरखोलात सगुणाक्का नावाची वैद्यीण होती. बसा, सांगते. मध्येच उठले तर रागावू नका, गॅसवर दूध ठेवलंय.

सगुणाक्का वैद्याच्या घरची सून. सासरे दाजीबा वैद्य म्हातारे झाले, त्यांचे हात कापायला लागले. मुलगा महादू असा, की त्याला सुंठ कुठली आणि हळकुंड कुठलं तेच कळेना. मग दाजीबांनी खल सुनेपुढे सरकवला आणि घराण्याचा नियम सांगितला. खलापाशी बसलं की औषध होईपर्यंत उठायचं नाही. उठलं की गुण गेला.

दाजीबा स्वतः तंबाखू थुंकायला दहादा उठायचे, असं म्हणतात. पण ते कुणी मोजलं नव्हतं.

सगुणाक्काचं मात्र मोजलं. तिची गंगू सहा महिन्यांची, आणि पोर रडलं की आई उठणारच. त्यामुळे लोक औषध न्यायचे ते आधी हुंगायचे, मग उजेडात धरायचे, मग घरी नेऊन आधी बायकोला चाखायला लावायचे. हिचं मन पाळण्यात, औषधात काय उतरणार, असं पारावर चालायचं. त्यांच्या बायका एका हातानं पाळणा हलवून दुसऱ्यानं भाकरी भाजायच्या, ती भाकरी कधी कुणी हुंगली नाही.

एका उन्हाळ्यात गावात ताप शिरला. रावजी पाटलाची लेक हौसा तीन दिवस डोळे उघडेना. पाटलाचा सगुणाक्कावर काडीचा विश्वास नव्हता, पण दुसरा वैद्य दोन दिवसांच्या वाटेवर. तोवर पोरगी राहते की जाते, कुणी सांगावं? त्यानं औषध करायला सांगितलं, आणि आपल्या म्हाताऱ्या आत्याबाईला तिच्या दारात बसवलं. ती किती वेळा उठते ते बघ, म्हणाला.

आत्याबाईनं इमानानं मोजलं. पोरीला पाजायला, दुपटं बदलायला, सासऱ्यांना पाणी द्यायला, अकरा वेळा. औषधाची वाटी घेऊन घरी आली आणि आकडा सांगितला. पाटील म्हणाला, फेकून दे. आत्याबाई वाटी घेऊन परसात गेली.

मग पाटील स्वतः सगुणाक्काच्या दारात. दुसरं कर, आणि आता उठायचं नाही, असा हुकूम. सगुणाक्कानं गंगूला पाजलं, उचललं आणि पाटलाच्या हातात दिलं.

"मी बसते, पाटील. ही रडली की तुम्ही उठा."

मग ती जी बसली! खलाचा आवाज तीन कोस गेला, असं म्हणतात. डोंगरावरच्या मधमाश्या आपण होऊन आल्या आणि खलात मध टाकून गेल्या, असंही म्हणतात. मी माश्यांबद्दल जरा साशंक आहे. पाटलाबद्दल नाही. तो अंगणात येरझाऱ्या घालत होता, फेट्याची झोळी करून झाली, मिशी गंगूच्या मुठीत गेली, धोतर ओलं झालं. उठबस चाळीसच्या वर गेली, असं म्हणतात.

दिवस कलताना औषध घेऊन पाटील पळत घरी गेला. बघतो तर हौसा उठून बसलेली, पेज पीत होती.

पाटलाला काही कळेना. आत्याबाई म्हणाली, "राव्या, सकाळचीच वाटी दिली मी तिला. तू मोजायला सांगितलंस, मोजलं. फेकायला सांगितलंस, ते नाही ऐकलं. पोरगी जात होती रे."

हातातलं औषध पाटलानं स्वतःच चाटलं. कंबर धरली होती.

अजून आमच्याकडे थंडीच्या तोंडाला पुरुषमाणसं पारावर खल घेऊन बसतात, मांडीवर ज्याचं त्याचं नाहीतर शेजारचं तान्हं. सगुणाक्काची बैठक म्हणतात त्याला. बायकांनी समोर बसायचं, पण हसायचं नाही. हा नियम मी दरवर्षी मोडते. न उठता खोकल्याचं औषध केलेला पुरुष आजवर कुणी पाहिलेला नाही. आमचे हे गेल्या वर्षी सतरा वेळा उठले.

ते औषध मग घरोघर वाटतात, आणि सगळ्या गावाचा खोकला जातो.