मागी लोकांचा बाळंतविडा

“सोनं राजाला, ऊद देवाला, गंधरस मरणाला. एवढाच अर्थ, की माझं काही सुटतंय?”

डॉ. देवदान भिंगारदिवे यांनी हे विचारलं तेव्हा सालोमीबाई ओसरीवर बाळंतशेपा निवडत होत्या. बाईंनी गावात पन्नास वर्षं सुईणपण केलं होतं आणि देवदानांना रविवारच्या शब्बाथ शाळेत बायबलही शिकवलं होतं. नाताळच्या उपासनेत, ताऱ्यामागून पूर्वेहून येशूबाळासाठी भेटी घेऊन आलेल्या ज्ञान्यांवर, मागी लोकांवर, बोलायचं म्हणून निवृत्त प्राध्यापक टिपणं घेऊन आले होते.

“हे कुणी सांगितलं तुला?”

“जुन्या पंडितांनी, बाई. ग्रीक, लॅटिन, सगळ्यांचं एकमत आहे.”

“त्यांतलं कुणी बाळंत झालं होतं?”

देवदान टिपणं चाळू लागले.

बाईंनी आतून डबा आणला. एक तांबूस खडा देवदानांच्या तळहातावर ठेवला.

“वास घे.”

“हिराबोळ… आमच्या स्नेहलच्या जन्माच्या वेळी तुम्ही तिच्या आईला दिला होता.”

“तुझा गंधरस तो हाच. चार भाषा शिकलास, नाक मात्र बंद ठेवलंस. उदाची धुरी कुणाला देतात?”

“बाळाला. आईलाही.”

“आणि सोनं?”

“थोरामोठ्यांनी घालायचं… बाळ बघायला गेल्यावर.”

“मग? शिकलीसवरली माणसं होती. बाळंतविडा घेऊन आली.”

देवदानांनी टिपणं मिटली.

“स्नेहलचं बाळ केवढं झालं?” बाईंनी विचारलं.

“एक्केचाळीस दिवसांचं.”

“पाहिलंस?”

“मला न विचारता लग्न केलं तिनं. दोन वर्षांत फोन नाही. आधी तिनं यायला हवं, बाई. मी बाप आहे.”

“मरिया गेली होती का पूर्वेला, बाळ दाखवायला?”

बाई पुन्हा शेपा निवडू लागल्या. देवदानांनी खडा रुमालात बांधला, चपला घातल्या. स्नेहलकडे, श्रीरामपूरला जाणारी एसटी चारला होती.

फाटकाशी ते वळले.

“आणि तिनं घरात घेतलं नाही तर?”

“तर बाहेर उभा राहा. तारासुद्धा बाहेरच थांबला होता.”