येताना किती?

"एकदा पोचवली की परत आणायची घाई कुणाला आहे?"

सासूबाई डिकीपाशी उभ्या राहून सासऱ्यांना विचारत होत्या. मी मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते आणि काच अर्धी खाली होती. डोळे मिटले की कानही मिटतात, असा आमच्याकडे समज आहे.

"महिनाभर राहू दे तिकडंच," सासरे म्हणाले. "एकवीस दिवसांत धड एकवीस वाक्यं बोलली नाही. सून आणलीय का सुनेचा फोटो?"

लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या माहेरी निघालो होतो. सकाळी जायचं, जेवायचं, संध्याकाळी परत, असं मला सांगितलं होतं. माझी बॅग मात्र सासूबाईंनी स्वतः भरली होती. मोठी.

मिरजेबाहेर पडायच्या आधी हवा भरायला थांबलो, तिथली ही गोष्ट.

मी दार उघडून उतरले. दोघंही एकदम टायरकडे बघू लागले.

बाबालाल मिस्त्री उलट्या डब्यावर बसले होते. सत्तरीचे असतील. शेजारी कॉम्प्रेसर धडधडत होता.

"किती भरू?"

"चारी चाकांत तीस," सासरे म्हणाले.

"तीस का?"

हा प्रश्न त्यांना कुणी विचारत नाही. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त झाले तरी खिशात हवेचा गेज असतो आणि मंडईतले लोक त्यांना पाहून तराजू पुसतात.

"का म्हणजे? सहा वर्षं तीसच भरतोय."

"सहा वर्षं गाडीत बसतंय कोण?"

"मी, ही आणि आमचा अभिनंदन."

"आणि आज?"

सासरे माझ्याकडे बघून थांबले. जणू वजनात काहीतरी जादा निघालं होतं.

मिस्त्रींनी मागच्या टायरला हाताची उलटी बाजू लावली, ताप बघतात तशी. मग ड्रायव्हरचं दार उघडलं. दाराच्या खांबावर वाळलेल्या कुंकवाचं स्वस्तिक होतं, गाडी घेतली तेव्हाच्या पूजेचं. त्यांनी ते अंगठ्यानं खरवडलं.

खाली एक स्टिकर होतं.

वरच्या ओळीत तीन छोटी माणसं, पुढं तीस. खालच्या ओळीत पाच माणसं आणि बॅगा. तिथं पुढच्या चाकांना बत्तीस, मागच्या चाकांना छत्तीस.

"आधी वाचून मग पूजा केली असती, साहेब, तर देव काय रागावला नसता."

"तीस वर्षं लोकांची मापं तपासलीत मी!"

"लोकांची," मिस्त्री म्हणाले.

...

"मग खालच्या ओळीची भरा ना," अभिनंदन म्हणाला. हा माझा नवरा. मघापासून बोटात किल्ली फिरवत होता. "चार माणसं, डिकी भरलेली. चला, उशीर होतोय."

"भरतो की. येताना किती?"

किल्ली थांबली.

"येतानाचं काय मध्येच?" सासूबाई म्हणाल्या.

"वाटेत कुठं हवा सोडत बसणार तुम्ही? जाताना घातलेलीच येताना राहणार. चार गेली, तीनच आली, तर मागची बाजू हलकी होऊन गाडी उड्या मारती. म्हणून इचारतो. येताना किती?"

सासऱ्यांनी गेज काढला. परत खिशात घातला. सासूबाईंनी पदर एका खांद्यावरून काढून दुसऱ्यावर घेतला, मग पुन्हा पहिल्यावर. एक टँकर जवळून गेला आणि सगळ्यांना त्याच्याकडे बघायला मिळालं, म्हणून बरं वाटलं.

अभिनंदन आपल्या बुटांकडे बघत होता.

म्हणजे त्यालाही माहीत होतं.

"बघू," सासरे म्हणाले.

"'बघू'ला हवा किती घालायची, ते या स्टिकरवर न्हाई, साहेब."

मिस्त्रींनी पाइप खिळ्याला अडकवला. कॉम्प्रेसर बंद केला. डब्यावर जाऊन बसले.

आता तर फारच ऐकू येऊ लागलं. माझ्या बांगड्या. सासऱ्यांच्या चपलेचा टाचेकडून होणारा आवाज.

"अहो मिस्त्री, भरा की काहीतरी!" सासूबाई म्हणाल्या.

"सांगा. भरतो."

"कुणी सांगायचं?"

मिस्त्रींनी खिशातून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ... गाडीत मोठं सामान चढवताना बघतात तसं नव्हे. आलेल्या गिऱ्हाइकाकडं बघतात तसं.

 

मी डिकी उघडली. माझी बॅग होती तिथंच होती. ती तशीच राहू दिली. झाकण लावलं आणि त्या तिघांकडे वळून म्हणाले,

"जाताना चार आहोत, चौघांची भरा. येताना किती, ते मी सांगेन."