विमानाला तारीख कुणी सांगायची?

“चाचा, यंत्र मेलं असं लिहून टाकू का?”

शार्दूल इंगवले विमानाच्या वहीवर पेन टेकवून उभा होता. फ्लाइंग क्लबचा नवा इंजिनिअर. परीक्षेत पहिला आला होता आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

दस्तगीर चाचा हँगरमध्ये स्टुलावर बसून चहा फुंकत होते. चाळीस वर्षं त्यांनी याच विमानांत हात काळे केले होते.

“झालं काय?”

“रस्ता दाखवणाऱ्या यंत्रात दर अठ्ठावीस दिवसांनी नवी माहिती भरतो ना आपण, धावपट्ट्या, हवाई मार्ग... ती घेतच नाही. म्हणतं, ही अजून लागू झालेली नाही. अहो, कालच लागू झालीय!”

“काय काय केलंस?”

“कार्ड तीनदा पुसून भरलं. दुसरं आणलं. अख्खं पुस्तक पालथं घातलं.”

तीन तास गेले होते आणि यंत्र ताकास तूर लागू देत नव्हतं. बाहेर केतकी रसाळ सकाळपासून कडक इस्त्रीच्या गणवेशात बसून होती. तिची लायसन्सची परीक्षा याच विमानात होती. परीक्षक चारला परत जाणार, ते पुन्हा उगवणार थेट तीन महिन्यांनी. ‘विमान तयार ठेवतो,’ हा शब्द शार्दूलनेच तिला दिला होता.

वहीत एकदा ‘मेलं’ लिहिलं की विमान आज जागचं हलणार नव्हतं.

“याची आतली बॅटरी परवा कुणी बदलली?” चाचांनी विचारलं.

“मीच. जुनी संपली होती.”

“हं... आणि तेव्हापासून विमान इथंच?”

“इथंच. वारा सुटलाय, धूळ नको म्हणून दारही घट्ट ओढून घेतलं.” हे सांगताना त्याची मान जरा ताठ झाली.

चाचांनी कप खाली ठेवला.

“आज तारीख काय?”

“बावीस.”

“आणि हे काय म्हणतं?”

शार्दूल कॉकपिटमध्ये वाकला. पडद्याच्या कोपऱ्यात वीस वर्षांपूर्वीची तारीख होती. तीन तासांत त्याने तिकडे बघितलंच नव्हतं.

“अरेच्चा... थांबा, बदलतो.”

त्याने सगळी बटणं दाबून पाहिली. तारीख हलेना.

“बॅटरी संपली तेव्हाच आतलं घड्याळ पुसलं गेलं. हातानं नाही बदलत ती,” चाचा म्हणाले.

“मग याला तारीख सांगणार कोण?”

चाचांनी नुसतं एक बोट वर केलं.

शार्दूलने वर पाहिलं. पत्रे होते...

“उपग्रह! पत्र्याआडून याला ते दिसतच नाहीत,” तो पुटपुटला.

तोवर चाचा दाराशी पोचलेही होते. दार करकरत सरकलं. ऊन आत आलं, थोडी धूळही आली. दोघांनी मिळून विमान बाहेर ढकललं.

शार्दूलने यंत्र चालू केलं. एक उपग्रह सापडला. मग दुसरा. बराच वेळ काहीच नाही... मग एकदम तीन. तारीख बदलली, बावीस झाली, आणि यंत्राने नवी माहिती निमूट मान्य केली.

शार्दूलचा जीव भांड्यात पडला. तो एकटाच मोठ्याने हसला आणि बाहीने डोळे पुसले. केतकी हेडसेट घेऊन पळतच आली.

पावणेतीनला विमान उडालं.

“चाचा,” शार्दूल हळूच म्हणाला, “तीन तास मी त्याला समजावत होतो...”

चाचा डोळ्यांवर हात धरून वर जाणारं विमान बघत होते.

“हो,” ते म्हणाले. “दार लावून.”